देखण्या तुरुंगाशेजारचे किल्ले

मुलगा किंवा मुलगी ब्रिटनमध्ये शिकायला-नोकरीला असते, आई-वडील महिनाभरासाठी जातात, लंडन आणि एडिंबरा बघून होतं, आणि उरलेल्या दिवसांत उत्तर वेल्सला जायचं का यावर घरात चर्चा सुरू होते. त्या चर्चेत पोर्टमेरियनचं नाव निघालं की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, साठ वर्षांपूर्वीच्या एका टीव्ही मालिकेचं शूटिंग झालं म्हणून कुणी तिकीट काढून नकली इटालियन गाव बघायला जातं का? पलीकडेच हार्लेखचा किल्ला आहे, तासाभरात कर्नारव्हन आणि कॉन्वीचे किल्ले आहेत. खरा इतिहास सोडून सेट कसला बघता? दुसरा तट म्हणतो, किल्ले आपल्याकडे कमी आहेत का? दगडी भिंती बघून कंटाळा येतो, त्यापेक्षा रंगीबेरंगी गाव बरं, फोटो तरी चांगले येतात. ब्रिटिश प्रवाशांतही हाच वाद याच शब्दांत चालतो. 'द प्रिझनर' या त्या मालिकेचे चाहते पोर्टमेरियनला येतात आणि तिथूनच परततात. इतिहासप्रेमी किल्ल्यांना जातात आणि पोर्टमेरियनकडे तुच्छतेने बघतात.

माझ्या मते दोन्ही तट चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. खरं काय आणि नकली काय, हा या भागातला प्रश्नच नाही. ही जागा कशासाठी बांधली, हे तिथे येणाऱ्याला कळतं की नाही, हा खरा प्रश्न आहे. आणि त्या कसोटीवर ती जुनी मालिका किल्ल्यांच्या बहुतेक माहितीपत्रकांपेक्षा जास्त प्रामाणिक ठरते. देखणी जागाही तुरुंग असू शकते, एवढं एक ती सतरा भाग घासून घासून सांगते. हे ज्याच्या मनात मुरलं आहे, तो हार्लेखच्या दारात उभा राहिला तर त्याला जे दिसेल, ते नुसत्या बुरुजांच्या हौसेने आलेल्याला दिसणार नाही. म्हणून मालिकेसाठी वेल्सला जाणाऱ्याची थट्टा करू नये. त्याला आग्रहाने पुढच्या किल्ल्यावर न्यावं.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक ब्रिटिश गुप्तहेर राजीनामा देतो. घरी येऊन सामान बांधत असताना त्याला गॅसने बेशुद्ध करतात. जाग येते तेव्हा तो एका अनोळखी गावात असतो. गाव सुंदर आहे: फुलांचे वाफे, घुमट, कारंजं, बँडबाजा, पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या, सकाळी लाउडस्पीकरवरून प्रसन्न आवाजात हवामानाची बातमी. फक्त तिथे कुणाला नाव नाही, प्रत्येकाला क्रमांक आहे, आणि बाहेर जायची वाट नाही. पळणाऱ्याला एक मोठा पांढरा फुगा अडवतो. आपला नायक सहा क्रमांकाचा, आणि त्याने राजीनामा का दिला एवढंच गावाला त्याच्याकडून काढून घ्यायचं आहे. पॅट्रिक मॅकगुहान त्यात नायक होता, आणि मालिकेमागची मुख्य कल्पनाशक्तीही त्याचीच. २९ सप्टेंबर १९६७ रोजी ब्रिटनमध्ये पहिला भाग दिसला, फेब्रुवारी १९६८ मध्ये शेवटचा. बाहेरची बरीचशी दृश्यं सप्टेंबर १९६६ मध्ये पोर्टमेरियनला चित्रित झाली, आतली बहुतेक दृश्यं लंडनजवळच्या स्टुडिओत. आसपासच्या गावांतली माणसं त्या रंगीत गर्दीत एक्स्ट्रा म्हणून उभी होती.

आता गावाकडे वळू. पोर्टमेरियन हा सेट नव्हे, इथेच पहिल्या तटाची पहिली चूक होते. क्लॉ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदाने ड्वायरिड नदीच्या खाडीवरची ही जागा घेतली, १९२५ मध्ये काम सुरू केलं आणि थेट १९७५ पर्यंत तो ते वाढवत राहिला. मालिका आली तेव्हा गावाला चाळीस वर्षं होऊन गेली होती. त्याचं म्हणणं एकच होतं: निसर्गाने नटलेल्या जागी बांधकाम करायचं म्हणजे ती जागा नासवायचीच असं नाही, आणि हे भाषणं देऊन पटत नसेल तर बांधून दाखवावं. हाच माणूस वेल्सच्या ग्रामीण भागाच्या रक्षणासाठी झालेल्या चळवळीत पुढे होता, आणि तिथल्या डोंगरांचं राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून झटणाऱ्यांतही.

शिवाय गावातले अनेक तुकडे खरोखर जुने आहेत. ब्रिस्टलमधला १७६० च्या सुमाराचा स्तंभांचा सज्जा पाडला जाणार होता. तो दगड दगड सुटा करून इथे आणून पुन्हा उभा केला. फ्लिंटशरमधला एमरल हॉल १९३६ साली पाडायला निघाला, तेव्हा त्यातलं हर्क्युलिसच्या पराक्रमांनी मढवलेलं सतराव्या शतकातलं गिलाव्याचं छत क्लॉने लिलावात अवघ्या १३ पौंडांना घेतलं. मग छत ठेवायला खोली हवी म्हणून बाकीची खोलीही घ्यावी लागली, आणि ती बसवायला इथे एक आख्खी इमारत उठली. लिव्हरपूलच्या खलाशांच्या वसतिगृहातल्या ओतीव लोखंडी जलपऱ्या इथल्या कठड्यांवर आहेत. जवळ जाऊन बघितलं की गंमत कळते. काही खिडक्या नुसत्या रंगवलेल्या आहेत. वरच्या मजल्यांचे आकार लहान करत नेल्यामुळे मनोरे आहेत त्याहून उंच वाटतात. युनिकॉर्न नावाचं घर समोरून जहागीरदाराचा वाडा वाटतं. बाजूला गेलात की ते एकमजली निघतं. ही फसवणूक डोळ्यांना कळावी अशीच केलेली आहे, लपवलेली नाही.

पहिल्या तटाचा सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो मला मान्य आहे. ही मालिका वेल्समध्ये घडली आणि वेल्सला तिने पडद्यावरून पुसून टाकलं. गाव कुठे आहे हे मालिकेत शेवटपर्यंत धूसर राहतं. एका भागात ते लिथुआनियात असल्याचं सांगतात, दुसऱ्यात हिशोब करून मोरोक्कोच्या किनाऱ्याकडे बोट दाखवतात. पोर्टमेरियनचं नाव प्रेक्षकांना कळलं ते शेवटच्या भागाच्या श्रेयनामावलीत, आणि तेही क्लॉच्याच अटीमुळे. गर्दी लोटेल याची त्याला काळजी होती. परिणाम काय झाला? जगभरच्या प्रेक्षकांनी ड्वायरिडची वाळू पाहिली, पण ती कोणत्या लोकांच्या देशातली हे त्यांना कळलं नाही. ग्विनेद हा परगणा वेल्श भाषेचा गड आहे. २०२१ च्या जनगणनेतही तिथल्या ६४ टक्के लोकांना वेल्श येत होती. त्या भाषेच्या मुलखात एवढं मोठं काम झालं आणि त्यात त्या भाषेला जागा नव्हती.

काळ बघितला तर हे आणखी टोचतं. चित्रीकरणाच्या आदल्याच वर्षी, १९६५ मध्ये, याच मुलखात त्रिवेरिनच्या खोऱ्यातलं कापेल केलिन गाव पाण्याखाली गेलं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. संसदेने १९५७ मध्ये कायदा केला आणि वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नाही, तरी तो झाला. शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर, दफनभूमी, शेतं, घरं सगळं बुडालं. मुळशीचा सत्याग्रह ज्याने वाचला आहे त्या मराठी माणसाला यात समजून सांगण्यासारखं काही नाही. 'त्रिवेरिन विसरू नका' असं एका पडक्या भिंतीवर वेल्शमध्ये रंगवलेलं वाक्य पुढे सगळ्या देशाचं घोषवाक्य झालं. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने माफी मागितली २००५ मध्ये. जुलै १९६६ मध्ये वेल्श राष्ट्रवादी पक्षाचा पहिला खासदार निवडून आला, आणि दोन महिन्यांनी पोर्टमेरियनमध्ये कॅमेरे लागले. 'मी क्रमांक नाही, मी स्वतंत्र माणूस आहे' असं नायक वाळूवर ओरडत होता तेव्हा डोंगरापलीकडे एक समाज जवळपास तेच म्हणत होता. मालिकेला त्याचा पत्ता नव्हता. ही तिची मर्यादा आहे आणि ती झाकू नये.

पण म्हणून तिथे जाऊच नये, हा निष्कर्ष यातून निघतो का? मला तर उलटच वाटतं. मालिकेने जागेचं नाव लपवलं, पण जागेची रीत उघडी केली. माणसाला बेड्या न घालता कसं कोंडतात? त्याचं नाव काढून घेतात. त्याला सुखसोयी देतात. त्याच्यासाठी निवडणूकसुद्धा घेतात, एका आख्ख्या भागात हेच आहे, आणि तो निवडून आला तरी काहीच बदलत नाही. शेजाऱ्याला शेजाऱ्यावर नजर ठेवायला लावतात. आणि सगळ्यावर सुंदर रंग देतात, म्हणजे तक्रार करणारा कृतघ्न ठरतो. किल्ल्यांच्या पर्यटनात याच्या नेमकं उलट होतं. जागेचं नाव ठळक अक्षरांत असतं आणि रीत झाकलेली राहते. परीकथेतला किल्ला, मध्ययुगीन वैभव, मुलांना सरदारांच्या वेशभूषेत फोटो. आता सांगा, दोघांपैकी जास्त नकली कोण?

या किल्ल्यांची रीत काय होती ते पाहू. ११ डिसेंबर १२८२ रोजी ग्विनेदचा लिवेलिन, म्हणजे स्वतंत्र वेल्सचा शेवटचा राजा, लढाईत मारला गेला. त्याच्या भावाला पुढच्या वर्षी इंग्रजांनी देहान्ताची शिक्षा दिली. मग इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने उत्तर वेल्सभोवती दगडांचं कडं आवळलं: कॉन्वी, कर्नारव्हन, हार्लेख, आणि १२९४ च्या बंडानंतर अँगल्सी बेटावर बोमॅरिस. सव्हॉयचा जेम्स हा त्याचा मुख्य स्थपती. एकट्या हार्लेखवर १२८६ च्या उन्हाळ्यात साडेनऊशेच्या आसपास माणसं राबत होती, आणि तो पुरा व्हायला सुमारे ८,१९० पौंड लागले. चारही किल्ले समुद्राच्या भरतीच्या पाण्यापाशी, कारण आजूबाजूची रयत आपली नाही हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. रसद जमिनीवरून येणार नाही, गलबतातून येईल. १२९४ च्या बंडात हार्लेख मूठभर शिबंदीवर टिकला तो आयर्लंडहून समुद्रमार्गे आलेल्या धान्यावर.

मराठी माणसाची नजर इथे हमखास फसते. किल्ला म्हटलं की आपल्या मनात स्वराज्य येतं. गडाखालच्या गावची माणसं गडावरच्या शिबंदीत, गड म्हणजे आपला आधार, ही आपली सवय आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, तेव्हाही यादीला नाव मिळालं ते मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाचं. ग्विनेदच्या चार किल्ल्यांची नोंद १९८६ मध्ये झाली. तिच्या शीर्षकात नाव आहे किंग एडवर्डचं. तिथे गड म्हणजे खालच्या गावाच्या छातीवर ठेवलेला पाय. रायगडावर जे मन घेऊन जातो तेच मन घेऊन कॉन्वीला गेलो तर आपण नकळत आक्रमकाला मुजरा करून येतो. कॉन्वीच्या जागी आधी एक मठ होता आणि त्यात थोरल्या लिवेलिनची, म्हणजे शेवटच्या लिवेलिनच्या आजोबांची, समाधी होती. मठ उचलून दरीत आत हलवला आणि त्या जागी तटबंदीचं इंग्रज वसाहतीचं शहर वसवलं. बोमॅरिससाठी लानवाईस हे भरभराटीचं गाव उठवलं आणि तिथल्या वेल्श लोकांना बेटाच्या नैऋत्येला नव्या जागी नेऊन बसवलं. कापेल केलिनची गोष्ट १९६५ मध्ये सुरू झाली असं कोण म्हणेल?

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तोही पोकळ नाही. सातशे वर्षं झाली. आता हे किल्ले वेल्सचेच आहेत. वेल्श सरकारचं वारसा खातं ते सांभाळतं, वेल्श मुलं तिथे सहलीला जातात. हार्लेखचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. १४०४ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड उभारलेल्या ओवेन ग्लिंडूरने तो जिंकला, तिथे आपलं कुटुंब आणि दरबार नेला, आणि १४०९ पर्यंत तो वेल्श स्वातंत्र्याची राजधानी होता. त्याच शतकात पुढे, इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या गुलाबांच्या युद्धात तो सात वर्षं वेढ्यात लढला, आणि त्या वेढ्याशी जोडलेलं गाणं आज वेल्श माणूस अभिमानाने गातो. म्हणजे आक्रमकाने बांधलेली वास्तू कायमची आक्रमकाचीच राहते असं नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. वसईच्या कोटाकडे आपणही चिमाजी अप्पांच्या विजयामुळेच आपलेपणाने बघतो.

पण हा बदल आपोआप होत नाही. तो लोकांनी लढून, गाऊन, आठवून केलेला असतो, आणि त्यासाठी आधी काय होतं हे माहीत असावं लागतं. १८ व्या शतकातल्या थॉमस पेनंट या वेल्श प्रवासवर्णनकाराने कर्नारव्हनला आपल्या पारतंत्र्याची सर्वांत भव्य खूण म्हटलं होतं. भव्यता त्याने नाकारली नाही आणि पारतंत्र्यही. पुढे काय झालं? २०१७ मध्ये फ्लिंटच्या किल्ल्यापाशी गंजक्या लोखंडाचं प्रचंड कडं शिल्प म्हणून उभारायचं ठरलं. एडवर्डच्या किल्ल्यांच्या साखळीला इंग्रजीत 'आयर्न रिंग', म्हणजे लोखंडी कडं, म्हणतात, तेच हे कडं. दहा हजारांवर लोकांनी विरोधात सह्या केल्या आणि ते रद्द झालं. 'सातशे वर्षं झाली, विसरा आता' हे म्हणणं तिथल्या माणसांना पटलेलं नाही, हे एवढ्यावरून दिसतं. मग पाहुण्याने का विसरावं?

आता कर्नारव्हनकडे येऊ, कारण 'सेट विरुद्ध इतिहास' हा वाद तिथे पुरता कोसळतो. या किल्ल्याचे बुरुज गोल नाहीत, अनेक कोनांचे आहेत. भिंतीत वेगवेगळ्या रंगांच्या दगडांचे आडवे पट्टे आहेत. बाकीच्या तीन किल्ल्यांवर असं काहीच नाही, आणि लढाईच्या दृष्टीने रंगीत पट्ट्यांचा उपयोगही शून्य. मग कशासाठी? वेल्श लोकांत एक जुनी कथा होती: रोमचा सम्राट मॅक्सेन स्वप्नात नदीच्या मुखाशी रंगीत मनोऱ्यांचा किल्ला बघतो, आणि शोधत शोधत तो या किनाऱ्याला येतो. बाजूलाच खरंखुरं रोमन ठाणं होतं. एडवर्डने ती कथा दगडात उभी केली. कॉन्स्टँटिनोपलच्या तटबंदीची त्यात नक्कल आहे असं अनेक अभ्यासक मानतात. १२८३ मध्ये तिथे मॅक्सेनचे म्हणून अवशेष सापडल्याचं जाहीर झालं आणि ते समारंभाने पुरले गेले. म्हणजे जिंकलेल्या लोकांच्या स्वप्नातला किल्ला जिंकणाऱ्याने बांधला आणि स्वतःला त्या कथेचा वारस म्हणवून घेतलं. याला नेपथ्य म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

एडवर्डला कथांची हौस होतीच, आणि राजकारणात त्यांचा वापरही त्याला चांगला कळत होता. १२७८ मध्ये तो ग्लॅस्टनबरीला दंतकथेतल्या आर्थर राजाची म्हणून मानलेली कबर उघडण्याच्या सोहळ्याला हजर होता. वेल्स जिंकल्यावर त्याने आर्थरचा मुकुट म्हणून जपलेली वस्तू आणि लिवेलिनच्या घराण्याचा पवित्र क्रूस लंडनला नेला. १२८४ मध्ये नेविन या किनाऱ्यावरच्या गावात त्याने आर्थरच्या गोलमेजाच्या नावाने सरदारांचे खेळ भरवले. आवडत्या गोष्टीतल्या जागी जाऊन ती गोष्ट अंगावर घ्यायची, ही जी हौस आज 'द प्रिझनर'च्या चाहत्यांच्या माथी मारली जाते, ती या किल्ल्यांच्या धन्यालाही होती. फरक एवढाच, की चाहते संध्याकाळी आपापल्या घरी जातात.

आणि कर्नारव्हन तर थेट टीव्हीचं लोकेशनही आहे. १ जुलै १९६९ रोजी त्याच किल्ल्याच्या अंगणात चार्ल्सना युवराजपदाची वस्त्रं दिली गेली. पाटीच्या दगडाची सिंहासनं होती, आणि वरची छत्री पारदर्शक प्लास्टिकची होती, कारण कॅमेऱ्यांना आतलं दिसायला हवं होतं. परंपरा म्हणून जे दाखवलं ते तिथे पहिल्यांदा झालं होतं १९११ मध्ये. आदल्या रात्री अबर्गेले गावात स्वतःच्याच बॉम्बचा स्फोट होऊन दोन वेल्श तरुण मेले. कोट्यवधी लोकांनी सोहळा घरबसल्या पाहिला. 'द प्रिझनर'चा शेवटचा भाग दाखवून दीड वर्षही झालं नव्हतं. बँड, पताका, ठरलेलं स्मित, कडेकोट बंदोबस्त आणि लाउडस्पीकर. जो प्रेक्षक तेव्हा त्या काल्पनिक गावातून डोळे उघडे ठेवून बाहेर आला होता, त्याला त्या अंगणात काय चाललंय हे इतरांपेक्षा लवकर कळलं असणार.

हार्लेखमध्ये एक जागा आहे जिथे मला पोर्टमेरियनची फार आठवण येते. प्रवेशद्वाराचे दोन दणकट बुरुज ओलांडून आतल्या अंगणात गेलं की भिंतीलगत एका दालनाच्या पायाचे दगड दिसतात. ते दालन मूळचं तिथलं नव्हतं. किनाऱ्यावर दक्षिणेला इस्टिमग्वेर्न इथे लिवेलिनचा लाकडी दरबार होता. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मोडून, उचलून हार्लेखच्या अंगणात आणून उभा केला. पराभूत राजाची कचेरी विजेत्याच्या तटाच्या आत. सहाशे वर्षांनी खाडीपलीकडे क्लॉही इमारती उचलून आणतच होता. क्रिया तीच, पण एकाने जिवंत सत्तेचं घर तिच्या माणसांकडून हिरावून आणलं, आणि दुसऱ्याने कुणालाच नको असलेलं छत हातोड्यातून वाचवलं. 'खरा आणि नकली' या दोनच खणांत हे कुठे बसवणार? हार्लेखचं दालन अस्सल मध्ययुगीन होतं आणि ती लूट होती. एमरलचं छत आज आपल्या जागी नाही आणि ती जपणूक आहे.

आपल्याकडेही हे आहे, बघायची सवय हवी. वाईजवळ मेणवलीचा घाट 'स्वदेस'चं शूटिंग झालं म्हणून शेकडो लोक बघायला जातात. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहे, आणि घाटावर वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. सिनेमासाठी आलेल्याला कुणी ती घंटा दाखवली तर १७३९ ची मोहीम त्याला आयुष्यभर लक्षात राहते. सिनेमासाठी आलात म्हणून त्याला हिणवलं तर तो फोटो काढून महाबळेश्वरला निघून जातो.

पर्यटकांच्या ओझ्याचा आक्षेप राहतो. तो या वादापुरता बाजूचा आहे, पण खोटा नाही. ग्विनेदमध्ये सुट्टीच्या घरांमुळे स्थानिक तरुणांना घरं परवडत नाहीत. म्हणून २०२३ पासून तिथल्या परिषदेने दुसऱ्या घरांवर दीडशे टक्के जादा कर लावला आहे. २०२५ मध्ये वेल्सच्या संसदेने मुक्कामी पाहुण्यांवर कर घेण्याचा अधिकारही परिषदांना दिला. हे योग्यच झालं, आणि पाहुण्याने तो कर विनातक्रार द्यावा. पण हा प्रश्न पोर्टमेरियन बघायचं की हार्लेख याने सुटत नाही. तो कुठे राहता, पैसा कुणाच्या हातात जातो, याचा आहे. स्थानिक माणसाच्या खोलीत राहून दोन्ही बघता येतं.

मग एका दिवसात काय बघावं? पोर्टमेरियनला सर्वांत जवळचं स्टेशन मिनफोर्थ; तिथून गाव चालत मैलभर. त्याच स्टेशनला फेस्टिनिओगची अरुंद रुळांची गाडी येते, जी १८३६ पासून डोंगरातली पाटी बंदरावर आणत होती. त्या पाटीच्या मुलखाला २०२१ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. सकाळी गाव बघावं, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी पाहून. ओहोटीला जी वाळू उघडी पडते तिच्यावरच नायक धावला होता. मग किनाऱ्याच्या गाडीने दक्षिणेला हार्लेख. स्टेशन किल्ल्याच्या कड्याखालीच आहे. समुद्र मागे हटला आहे, जिथे गलबतं लागत तिथे आता वाळूच्या टेकड्या आणि गोल्फचं मैदान आहे. कड्यावरून खाली उतरणाऱ्या १०८ पायऱ्या मात्र तशाच आहेत. रसद यायची तो हाच रस्ता.

आणि दिवस उरला तर परतीची गाडी पकडून मिनफोर्थच्या पुढे, क्रिकिएथला उतरावं. हार्लेखच्या तटावरून खाडीपलीकडे दिसतो तो हाच किल्ला. थोरल्या लिवेलिनने बांधायला घेतलेला, म्हणजे वेल्श राजांचा स्वतःचा. एडवर्डने तो घेतला, दुरुस्त केला, वापरला. १४०४ मध्ये ग्लिंडूरने तो जिंकून जाळला आणि पुन्हा कुणी तो वसवला नाही. आज जोडबुरुजांचा दरवाजा आणि थोड्या भिंती उरल्या आहेत. डॉलबाडर्न आणि डॉलविदेलन हे आतल्या डोंगरांतले वेल्श राजांचे बुरुजही असेच साधे आहेत. एडवर्डच्या चार किल्ल्यांची जागतिक वारशाची नोंद आहे, त्यांच्या नोंदीत हे तिन्ही नाहीत. मराठी प्रवासी एरवी ज्या नजरेने गडावर चढतो, ती नजर वेल्समध्ये खर्ची घालायची असेल तर तिचा मान क्रिकिएथचा आहे.